बेशरम उपटा, जलपर्णी ओढा, पण तलाव उघडा सोडू नका: मच्छीमार संस्थांसाठी

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, मासे धरणाऱ्या ढिवर संस्थांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. मत्स्यबीज दरवर्षी सोडतो, पण माल निघत नाही. बियाण्याची प्रत, चोरी, लवकर आटणारं पाणी ही कारणं असतातच. मात्र तलावाचा तिसरा हिस्सा बेशरमीच्या झुडपांनी किंवा तरंगत्या जलपर्णीने धरला असेल, तर बाकीची चौकशी नंतर करा. आधी तलाव मोकळा करायला लागा.

हे काम बहुतेक ठिकाणी एकदाच, घाईत आणि अर्धवट होतं. मशीन येतं, दोन दिवस फिरतं, फोटो निघतात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तलाव पुन्हा पहिल्यासारखा होतो. खाली दिलेली पद्धत हाताने करण्याची आहे. लहान आणि मध्यम तलावांना तीच पुरते.

काय काढायचं, काय ठेवायचं

पाण्यातलं सगळं हिरवं काढून टाकलं तर मासेही जातात, म्हणून ओळख पक्की हवी.

बेशरम काठावर आणि उथळ पाण्यात उभी राहते. छातीच्या वर वाढते, फूल फिकट गुलाबी-जांभळं, नरसाळ्याच्या आकाराचं. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. इकडे लोकांनी कुंपणाला लावली, जनावर सहसा तोंड लावत नाही म्हणून ती टिकली आणि तिथून तलावात उतरली. जलपर्णीही तिकडचीच. फुगीर देठ, तुकतुकीत गोल पान, जांभळं फूल आणि वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. काही भागांत हिला केंदाळ म्हणतात. जिथे बारमाही पाणी आणि गावाचं किंवा शहराचं सांडपाणी एकत्र येतं, तिथे ती फोफावते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, आणि गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जलपर्णीला खाद्य मिळतं ते असं. उन्हाळ्यात पूर्ण आटणाऱ्या मामा तलावात जलपर्णी सहसा जोर धरत नाही, तिथला मुख्य शत्रू बेशरम.

हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफिलम या पाण्याखालच्या वनस्पती, कमळ, कुमुद आणि काठावरचं देवधान, म्हणजे रानटी भात, यांना हात लावू नका. गावोगाव यांची नावं वेगळी आहेत, तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या ढिवरांना विचारा, त्यांना पानागणिक माहीत असतं. रोहू, कतला, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, ते तलावात वाढतात पण पैदास करत नाहीत. त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावंच लागतं. मरळ, मागूर, शिंगी, झिंगे तलावातच पैदास करतात, आणि त्यांची पिल्लं या वनस्पतींच्या आडोशाला जगतात. फुकटचा माल हवा असेल तर हा आडोसा राखा. हायड्रिला अतिच झाली, पाण्याचा निम्मा भाग व्यापला, तर मासेमारीच्या वाटेपुरती विरळ करा, मुळासकट संपवू नका.

नुकसान आणि कामाचा अंदाज

जलपर्णीच्या दाट थराखाली ऊन जात नाही. ऊन नाही म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढत नाही, कतल्याचं खाद्य तिथेच संपतं. वरची पानं कुजून तळाला बसतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. तपासायचं असेल तर सूर्योदयाआधी तपासा, कारण प्राणवायू सर्वांत कमी पहाटे असतो. दुपारी घेतलेलं माप फसवतं. थेंब मोजून रंग बघायची साधी किट मिळते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक, ३ च्या खाली मासा वाढ थांबवतो, २ च्या खाली रोहू-कतला मरायला लागतात. किट नसेल तर पहाटे काठावर उभं राहा: मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले की समजायचं. जाळ्यात फक्त मरळ, मागूर आणि चिलापीच येत असतील तर तीही खूण आहे. मरळ-मागूर हवेतून श्वास घेतात आणि चिलापी कमी प्राणवायूत तग धरते.

कामाचा अंदाज घेण्यासाठी बांबूची १ मीटर बाय १ मीटरची चौकट बांधा. ती थरावर टाकून आतली सगळी जलपर्णी उपसा, मिनिटभर निथळू द्या आणि काट्यावर तोला. असं दाट, मध्यम आणि विरळ अशा तीन जागी करा. दाट थरात चौरस मीटरला २० ते ४० किलो माल निघतो. २५ किलो धरला तरी एका एकराचे १०० टन होतात. ओल्या, पोकळ मालाचे दीड-दोन टन ट्रॉलीत बसतात, म्हणजे एका एकराला पन्नास-साठ खेपा. हा आकडा ग्रामसभेत आधीच सांगितला तर पुढे "एवढा खर्च कसा" हा वाद होत नाही. यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त वजन नुसतं पाणी असतं. म्हणून वाहतूक वाळल्यानंतरच करायची. ओली जलपर्णी गावाबाहेर नेण्याचं कंत्राट देणं म्हणजे पाणी वाहून नेण्याचे पैसे मोजणं.

बेशरमीसाठी १० बाय १० मीटरचा तुकडा आखा, त्यात चार माणसं एक दिवस लावा आणि किती झालं ते बघा. चिखल, झाडाचं वय, मुळाची खोली तलावागणिक बदलते, दुसऱ्या गावचा दर तुमच्याकडे लागू पडत नाही.

परवानगीचं लवकर मार्गी लावा. तलाव ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधाऱ्याचा, आणि मासेमारीचा ठेका कोणाकडून, हे कागदावर बघून घ्या. रोजगार हमीतून मजुरी हवी असेल तर काम हिवाळ्यातच ग्रामसभेच्या ठरावात घाला, मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. तलाव वनहद्दीत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांवरचा सामूहिक हक्क येतो, तोही दावा तपासा.

बेशरम काढणं

वेळ चुकली की कष्ट दुप्पट. पाणी भरलेलं असताना मूळ सापडत नाही. माती पूर्ण वाळून भेगा पडल्या की खोड जमिनीलगत तुटतं आणि गड्डा आत राहतो. काम करायचं ते मार्चअखेर ते मे, पाण्याची रेघ मागे सरकेल तसतसं, चिखल पाय न रुतण्याइतका घट्ट पण आत ओल असलेला असताना. वळवाची सर पडून गेली तर पुढचे तीन-चार दिवस सोन्यासारखे समजा.

तिघांची जोडी चांगली चालते. पहिला कोयत्याने वरच्या फांद्या छाटतो, पण खोड गुडघ्याएवढं ठेवतो. जमिनीलगत कापलं तर ओढायला धरायचं काय? दुसरा टिकासाने बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल खणतो. तिसरा सब्बल खाली घालून उचलतो. साधारण हातभर खोलीवर जाड मुळं सुटतात. मग आडव्या पडलेल्या फांद्या बघा. बेशरमीची फांदी चिखलाला टेकली की पेऱ्याला मुळं फोडते, त्यामुळे एका झुडपाची चार झुडपं जमिनीखालून जोडलेली असतात. ओढत ओढत शेवटच्या पेऱ्यापर्यंत जावं लागतं.

बोटभर तुकडा, एक पेरं, थोडी ओल, एवढ्यावर ती पुन्हा उगवते. म्हणून फांद्या ताडपत्रीवर गोळा करा आणि त्याच दिवशी तलावाबाहेर, मुरमाड किंवा खडकाळ उंचवट्यावर न्या. मुळं वर करून पसरा, तीन-चार आठवडे कडक ऊन द्या. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उतारावर ढीग घालणं ही सर्वांत नेहमीची चूक, पहिल्या पावसात तो ढीग हिरवा होतो. ढिगाला काटेरी कुंपण घाला, शेळ्या येऊ देऊ नका. चारा नसताना शेळ्या बेशरमीचा पाला खातात आणि चटावतात, त्यातल्या विषाने पुढे त्यांचा तोल जातो आणि त्या खंगतात. काम करणाऱ्यांनी चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, हातमोजे घालावेत.

पाळीच्या आतल्या अंगाला, लाटा लागतात तिथे, बेशरम माती धरून असते. तिथली जून महिन्यात उपटली तर पावसात पाळ खचते. ती एप्रिलमध्येच, एकाआड एक पट्ट्याने काढा आणि मोकळ्या पट्ट्यात दगड लावा किंवा वाळा लावा. उरलेले पट्टे पुढच्या वर्षी.

जेसीबीबद्दल: बादली बेशरमीची मुळं उचलते हे खरं, पण खोडाचे शेकडो तुकडे करून ते चाकाखाली चिखलात दाबते, आणि वरचा वीतभर थर, ज्यात कमळाचे कंद आणि देवधानाचं बी असतं, तोही काढून नेते. खोल गेली तर तळाची चिकणमाती फुटून तलाव पाझरायला लागतो. मशीन वापरायचंच तर फक्त जुन्या, जाड गड्ड्यांसाठी, आणि मागे चार माणसं तुकडे वेचायला ठेवून.

जलपर्णी ओढणं

लागणारं सामान: १० ते १२ मिलिमीटर जाडीचा तरंगणारा दोर १०० मीटर, बांबू, लांब दांड्याचे विळे, लोखंडी दाताळी, डोंगा किंवा दोन, हवा भरलेल्या ट्यूब, आणि काठावर लाकडी फळ्या. गमबूट हवेतच, थरात साप असतात.

थरावर पाय देऊन कोणी चालायचं नाही. वरून गादीसारखा घट्ट वाटतो, माणूस आत गेला की वर झाकण बसतं. पोहता येणाराही त्यातून वर येऊ शकत नाही. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि काठावर तो दोर धरणारा माणूस, हा नियम मोडू नका.

वाऱ्याचा उपयोग करा. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून असतो, थर पूर्व काठाला साचतो. हिवाळ्यात उलट होतं. जिथे थर आपणहून येऊन लागतो तिथेच उपसण्याची जागा करा, उतार सौम्य आणि ट्रॉली येण्याजोगी. मुख्य काम फेब्रुवारी ते मे, पाणी कमी असताना. फुलं धरण्याआधी उरकलं तर उत्तम, कारण फुलापासून तीनेक आठवड्यांत बी पिकतं आणि ते गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

मोठा थर अखंड ओढायला जाऊ नका, दोर वरून घसरतो किंवा खाली जातो. आधी डोंग्यातून विळ्याने ३ बाय ३ मीटरचे तुकडे पाडा. दोराला दर दोन मीटरवर आडवा बांबू बांधा, म्हणजे दोर पाण्याच्या पातळीवर राहतो. तुकड्याला वेढा घाला, काठावरून आठ-दहा जणांनी सावकाश ओढा, दाताळीने फळीवर घ्या. मागे एक डोंगा ठेवा, निसटलेली सुटी रोपं वेचायला. या डोंग्यातल्या माणसाची मजुरी बहुतेकदा वाचवली जाते आणि तिथेच सगळं काम वाया जातं. अनुकूल हवेत जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. दोन आठवडे धरले तरी एक सुटलेलं रोप तीन महिन्यांत चौसष्ट झालेलं असतं.

एका दिवसात तलावाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ढवळू नका. तळाचा काळा गाळ वर आला की कुजका वास येतो, प्राणवायू एकदम खाली जातो आणि वाढीला लागलेला मासा मरतो. सकाळी आठच्या आधी सुरुवात नको, पाण्याला ऊन लागू द्या. वास आला किंवा मासे वर आले की त्या दिवसाचं काम थांबवा.

पाणी जिथून तलावात शिरतं त्या नाल्याच्या तोंडावर अडसर बांधा. पाच लिटरचे रिकामे, झाकण घट्ट बसवलेले डबे दीड-दीड मीटरवर दोराला बांधा, दोराखाली फूटभर जुनं जाळं सोडा, दोन्ही टोकं पक्क्या झाडाला किंवा खांबाला. दोर नाल्याला आडवा सरळ न बांधता तिरपा बांधा, म्हणजे वाहून येणारी जलपर्णी एका काठाला सरकते आणि दोरावर जोर येत नाही. पुराच्या दिवसांत एक टोक सहज सोडता येईल अशी गाठ ठेवा. अडलेला माल आठवड्याला काढला नाही तर अडसर तुटून सगळं एकदम आत येतं.

ढिगाचं काय

निथळून चार-पाच दिवस वाळलेल्या जलपर्णीचं खत होतं. खड्डा पाळीबाहेर, पुराच्या रेघेच्या वर. वीतभर जलपर्णी, त्यावर चार बोटं शेणाचा काला, मग मातीचा हात, असे थर कंबरभर उंचीपर्यंत. पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी उलथापालथ करा. ढिगात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई बाहेर काढल्यावर हाताला चटका बसला पाहिजे. ढीग गरम झाला नाही तर बी मरत नाही, आणि मग तुम्ही शेतकऱ्याला खताबरोबर जलपर्णीही विकता. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं. शहराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली जलपर्णी मात्र भाजीला किंवा चाऱ्याला वापरायची नाही. ती शिसं, कॅडमियम, क्रोमियम मुळांत साठवते.

तीन सोप्या वाटा, ज्या सोप्या नाहीत

पहिली, तणनाशक फवारणी. थर आठवड्यात पिवळा पडतो, सगळे खूश होतात. मग तोच शंभर टन माल तळाला जाऊन कुजतो आणि मासे मरतात. त्याच पाण्यावर धान आहे, गुरं आहेत, नळयोजनेची विहीर आहे. ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता ठेवण्याची अधिसूचना केंद्राने २०२२ मध्ये काढली, ती पाण्यात हौसेने मारायची गोष्ट नव्हे.

दुसरी, किडा. नियोचेटिना नावाचे दोन भुंगेरे जलपर्णीच खातात, दुसरं काही नाही. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने ते १९८२ मध्ये परदेशातून आणले. पानावर लहान चौकोनी पांढुरके ओरखडे दिसले तर तो तुमच्या तलावात आधीच असू शकतो. तो काम करतो, पण त्याला काही वर्षं आणि बारमाही पाणी लागतं. आटणाऱ्या तलावात तो टिकत नाही. मोठ्या जलाशयासाठी जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाशी बोलावं. किडा सोडलेल्या ठिकाणी काही रोपं मुद्दाम राखावी लागतात, सगळी जलपर्णी उपसली तर किडाही गेला.

तिसरी, गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प. नाव ऐकून संस्था तो घेतात. तो जलपर्णीकडे फारसा फिरकत नाही आणि बेशरमीशी त्याला देणंघेणं नाही. मऊ लुसलुशीत हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया तो आधी फस्त करतो. ज्या वनस्पती राखायच्या त्याच तो संपवतो. वनस्पती जगवायच्या असतील तर बीजाची मागणी लिहिताना गवत्या वगळा. बाकी सगळं बरोबर करून याच एका ओळीने वर्ष वाया गेलेल्या संस्था आहेत.

मोकळी झालेली जागा भरणं

रिकाम्या गाळावर पहिली उगवते ती बेशरमच. म्हणून उपटलेल्या पट्ट्यात स्थानिक वनस्पती लावायच्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवरांच्या संस्थांनी जांभळीच्या नवतलावासारख्या ठिकाणी हेच केलं: आधी बेशरम काढली, मग पाणवनस्पती लावल्या.

मेअखेर पट्टा नांगरून घ्या, उरलेली मुळं वर येतात, ती वेचा. पावसाचं पाणी गुडघ्याखाली भरलं की लावणी. रोपं जवळच्या निरोगी तलावातून आणा, जलपर्णी असलेल्या तलावातून कधीच नाही, आणि टाकण्याआधी दोन पाण्यांत धुवा. हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियाच्या आठ-दहा काड्यांची जुडी करून बुडाशी मूठभर चिकणमातीचा गोळा बांधा. उथळ पाण्यात हाताने चिखलात दाबा, खोल पाण्यात डोंग्यातून सोडा, गोळ्याच्या वजनाने जुडी तळाला बसते. जुडीत एक-दीड मीटर अंतर ठेवा. देवधानाचं बी काठाच्या ओल्या पट्ट्यात फेकून द्या. पहिले दोन महिने म्हशी त्या पट्ट्यात नकोत, गुराख्याशी आधीच बोलून ठेवा आणि म्हशींना डुंबायला दुसरा कोपरा द्या, नुसती बंदी चालत नाही. धानाच्या बांधीत आणि तलावाच्या काठी सारस दिसत असेल तर पावसाळ्यात त्या कोपऱ्यात जाऊच नका, त्याचं घरटं तिथे असतं.

नंतरच्या फेऱ्या

पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याला एकदा, दोन माणसांची फेरी. पाळी लावून घ्या आणि वहीत तारीख, कोपरा, किती रोपं काढली ते लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये काठाचा ओला पट्टा नीट बघा, गाळातल्या बियांची जलपर्णी तिथे उगवते, अंगठ्याएवढी असतानाच ती हाताने निघते. एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा सापडत असेल तर तिथे बियांचा साठा आहे किंवा नाला आहे. सांडपाण्याचा नाला असेल तर पंचायतीकडे शोषखड्ड्यांचा विषय लावून धरा, खाद्य चालू असेपर्यंत उपसा संपणार नाही.

बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्लं, मोठ्या उपशानंतर दोन-तीन आठवडे थांबून सोडा, गढूळपणा बसू द्या आणि पहाटेचा प्राणवायू ५ च्या वर आलेला बघा. आडोसा वाढला की मरळही वाढते आणि ती लहान बीज खाते, म्हणून ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकलीच घ्या, जिऱ्याएवढी मत्स्यजिरे नकोत. विक्रीच्या वहीत रोहू-कतला एका रकान्यात आणि मरळ, मागूर, शिंगी, झिंगे दुसऱ्या रकान्यात तोलून लिहा. दुसऱ्या रकान्यातला माल बीज न सोडता आलेला असतो. पुढच्या वर्षी ग्रामसभेत फेऱ्यांची मजुरी मागताना तो आकडा समोर ठेवता येतो.